बांधलेली फांदी

आमच्या परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर एक जास्वंद वाढली आहे. ती कोणी लावली, हे नक्की सांगता येत नाही. आई म्हणते, मी लावली. बापू हयात होते तेव्हा ते म्हणत, मी लावली. पाणी मात्र दोघांनीही तिला मुद्दाम कधी घातले नाही. न्हाणीचे साबणाचे पाणी पिऊनच ती छपराला टेकली. फुले तांबडी, एकेरी, गणपतीला चालणारी. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत गल्लीतल्या पोरी परडी घेऊन येतात, तेवढाच तिचा लौकिक.

२०२३ च्या फेब्रुवारीत आई त्याच न्हाणीत पाय घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, आत सळई बसली. डॉक्टरांनी आठवड्याभरात उभे राहायला सांगितले होते. पण त्या पडण्याचा तिने असा धसका घेतला होता की, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरले तरी ती खाटेची कड सोडीना. जन्मभर जी बाई कोंबड्याच्या आधी उठली, ती सत्त्याहत्तराव्या वर्षी माजघरातल्या खिडकीशी आडवी पडून राहिली. दिवसभर ती वरचे वासे बघत असे. "तेवीस हायत," असे तिने एकदा मला सांगितले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर म्हणाली, "तेवीसच हायत." ते ऐकून मला जेवण गेले नाही.

माझे लिहिण्याचे टेबल त्याच खोलीत, तिच्या पायथ्याशी असते. मी शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढे माझी गाडी गेली नाही. वस्तीशाळेवर लागलो, नोकरीत पुढे जे शिकावे लागले ते शिकलो, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. आजवर चार झाल्या. पैकी दुसरीचे एक प्रकरण मी आईला वाचून दाखवले होते. शेवटपर्यंत शांतपणे ऐकून तिने विचारले, "ह्या बाईला घरात काही काम न्हाई का?" त्यानंतर मी तिला काही वाचून दाखवलेले नाही.

मार्चमध्ये शाळा सकाळची झाली. त्या महिन्यात आमच्याकडे पक्ष्यांची तशी वर्दळच असते. २० मार्च हा २०१० पासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळतात, आणि तो सुरू करणारे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचे. तेव्हा आम्हा मास्तरांना त्यात विशेष उत्साह. पोरांनी पुठ्ठ्याची खोकी करून शाळेच्या वळचणीला टांगली. चिमण्यांनी खोक्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी आपले नेहमीप्रमाणे ऑफिसातल्या गांधीजींच्या तसबिरीमागेच गवत भरले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी आलो, तर आई वाशांकडे नव्हे, खिडकीकडे बघत होती.

"काळ्या टोपीचं पाखरू हाय. जास्वंदीत काड्या नेतंय," ती म्हणाली.

ते बुलबुल होते. बुलबुल म्हटल्यावर कोणाच्या मनात गुलाबाची बाग आणि इराणी शायर उभे राहत असतील, तर त्यांनी ते खुशाल खाली बसवावेत. तो गाणारा बुलबुल निराळा. आमचे हे पाखरू मातकट अंगाचे. डोके काळे, त्यावर थोडी फिसकारलेली शेंडी, आणि शेपटीच्या मुळाशी लाल ठिपका. त्यावरून त्याला लालबुड्या बुलबुल म्हणतात. हे नाव वर्गात सांगितले की पुढची पाच मिनिटे पोरांना शिकवता येत नाही.

जोडीतले नर-मादी दिसायला सारखेच. पण आईने त्यांची वाटणी केव्हाच करून टाकली होती. काड्या आणणारी ती बाई आणि विजेच्या तारेवर बसून नुसते बघणारा तो बुवा. "तुझ्या बापूंसारखाच. काम करावं एकानं, लक्ष ठेवावं दुसऱ्यानं," ती म्हणाली. पुरुषजातीची बाजू राखावी म्हणून मी तिला सुगरणीची गोष्ट सांगितली. आपण जिला सुगरण म्हणून नावाजतो, ते विहिरीवर लोंबणारे घरटे नर विणतो. मादी अर्धे विणलेले घरटे पाहून जाते आणि पसंत पडले तरच राहते. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला बसून हे बारकाईने पाहिले. एक नर एकामागून एक घरटी बांधून अनेक माद्यांचा संसार थाटतो, हेही त्यांनी दाखवले. आईने ऐकून घेतले. "मंग आमचंच बरं होतं," एवढेच म्हणाली.

घरटे खिडकीपासून हातभर अंतरावर होते, पण दिसत नव्हते. आड एक मोठी पानाळ फांदी येत होती. आईला पाखरांचे जाणे-येणे तेवढे दिसे. फांदीमागे ती काय करतात, ते कळत नसे. ती मान उंच करी, दमून पुन्हा उशीवर टाकी. एका दुपारी मी बाहेर गेलो, ती फांदी हळूच बाजूला ओढली आणि सुतळीने खिडकीच्या गजाला बांधून टाकली. आत येऊन पाहतो तो वाटीसारखे घरटे ताटात वाढावे तसे समोर! काटक्या, मुळ्या, कोळिष्टके. आणि तळाशी एक अंडे. फिकट गुलाबी, वर तांबूस शिंतोडे.

बायको धुणे वाळत घालीत होती. ती म्हणाली, "अहो, झाकलेलं झाकलेलं राहू द्या की. आपण न्हाणीचं दार लावतो ते कशासाठी?"

मी हसलो. आईसाठी केले, असे मी तिला सांगितले आणि ते खोटे नव्हते. पण सारे खरेही नव्हते. त्याच दिवशी मी शंभर पानी वही काढली होती आणि पहिल्या पानावर तारीख घातली होती. अंडे कधी, पिलू कधी, डोळे कधी उघडले, हे सारे टिपून ठेवावे आणि दिवाळी अंकाला एक चांगला लेख द्यावा, असा माझा बेत होता. टेबलावरून नुसती मान वळवली की घरटे दिसावे, अशा बेताने मी फांदी बांधली होती. आईच्या खाटेवरून ते दिसते की नाही, हे मी नंतर पाहिले.

तीन दिवसांत तीन अंडी झाली. मग उबवण. आईचा दिवस त्या पाखरांच्या दिवसाला जोडला गेला. मी शाळेतून आलो की, चप्पल काढायच्या आत मला बातमी मिळे. आज ती सकाळी दोनदाच उठली. सरडा आला होता, दोघांनी मिळून हुसकला. खार आली, पण परत गेली. मी ते वहीत उतरून घेई. म्हणजे निरीक्षण आईचे आणि अक्षर माझे. उशीला टेकून बसणे तिला जमू लागले. १२ एप्रिलला दोन पिले बाहेर आली, तिसरे अंडे तसेच राहिले. त्या दिवशी मी घरात पाऊल टाकले तो आई खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून उभी! तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या. बायको मागे हात पसरून उभी होती, पण तिने आईला धरलेले नव्हते. आई वळून बघण्याच्या स्थितीत नव्हती. गजांकडेच बघत म्हणाली, "नुसती तोंडं हायत रे. बाकी काहीच न्हाई."

खरेच, पहिले चार दिवस पिलू म्हणजे एक उघडे तोंड आणि त्याच्यामागे थोडे मांस. दोघे आईबाप चारीत होते. अळ्या, किडे, मधूनच एखादे पिकले फळ. पिलाची विष्ठा पांढऱ्या पिशवीसारखी निघते, ती चोचीत धरून ते लांब नेऊन टाकीत. घाण घरट्याखाली साचली तर शत्रूला पत्ता लागेल म्हणून ही काळजी. एवढी खबरदारी घेणाऱ्या जिवांच्या दारावरचा पडदा मी सुतळीने बांधून ठेवला होता. हे तेव्हा माझ्या मनात आले नाही. तेव्हा मी वहीत 'स्वच्छतेची उपजत जाणीव' असे लिहून खाली रेघ मारली.

त्या वर्षी उन्हाच्या तडाख्याने २१ एप्रिलपासूनच शाळांना सुट्टी लागली. दुसऱ्या दिवशी अक्षयतृतीया. आमच्याकडे हा पितरांचा सण. पाण्याने भरलेले मातीचे करे पुजतात, पुरणपोळी-आमरस होतो आणि पहिला घास कावळ्याला. बापू २०१६ साली गेले, तेव्हापासून त्यांचा घास मी न्हाणीच्या पत्र्यावर ठेवतो. जागा सोयीची आहे. शिडी लागत नाही. त्याही दिवशी केळीच्या पानावर पोळी, भात, आमरसाची वाटी असे ठेवले, 'काव काव' करून हाक मारली, आणि जेवण होताच टेबलाशी येऊन बसलो. कादंबरीचे एक प्रकरण अडले होते, ते नेमके तेव्हा सुटू लागले होते.

बुलबुलांचा कलकलाट मला ऐकू आला होता. पण दिवसातून चारदा तो होतच असे. आईने हाक मारली. मी "हं" म्हटले. तिने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा "हं" म्हटले आणि वाक्य पुरे केले. मग पितळी तांब्या गजावर आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि मी वळलो.

कावळा घरट्याच्या काठावर होता. चोचीत एक पिलू होते. तो आईकडे बघत होता. तिच्यात आणि त्याच्यात तीन गज आणि हातभर हवा. तिने तांब्या आपटला की तो पापणी मिटी, एवढेच. मी ओरडलो तेव्हा तो उडाला. मी चप्पल घेऊन बाहेर धावेपर्यंत त्याचा जोडीदार आला होता. दुसरे पिलू जीव खाऊन घरट्याबाहेर उडाले. पण दहा दिवसांचे ते, उडणार किती? खाली अळवात पडले. अळू मी पान न पान उलटून पाहिले. ते सापडले नाही. संध्याकाळी शेजारचे मांजर अळवापाशी पंजे चाटत बसलेले दिसले.

पत्र्यावरचे पान चाटून-पुसून साफ झाले होते.

रात्री आई जेवली नाही. दिवा मालवल्यावर अंधारातून तिचा आवाज आला. "तुझे बापूच आले असतील. मी कुठं गप बसून बघत बसल्याली त्यांना कधी खपलंच न्हाई."

ती हे विनोदाने म्हणाली की कसे, ते मला कळले नाही. मी हसण्याचा प्रयत्न केला. झोप आली नाही. बापूंच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तेव्हा तासभर कावळा शिवला नव्हता. वर झाडावर दहा-वीस बसलेले. एक खाली येईना. जमलेले लोक उन्हात चुळबुळ करू लागले. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने माझ्या कानाशी लागून सांगितले, "त्यांचा जीव कशात अडकलाय? कबूल कर काहीतरी." मी पिंडासमोर हात जोडून मोठ्याने म्हणालो, "आईला काही कमी पडू देणार नाही. तिची हाक खाली पडू देणार नाही." वाक्य पुरे होते न होते तोच कावळा उतरला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे की नाही, हे वर्गात कोणी विचारले तर मी एक उत्तर देतो. नदीवर त्या वेळी मी सर्वांसमोर डोळे पुसले होते.

सकाळी आई म्हणाली, "सोड ती फांदी."

मी सुतळी कापली. फांदी जागची हलली नाही. महिनाभर ताणून धरल्याने ती तशीच वाकडी राहिली होती. मी तिला हाताने घरट्याकडे लोटली, ती पुन्हा गजाकडे आली.

आई पुन्हा आडवी झाली. उभे राहायला सांगितले तर म्हणे, "उभं ऱ्हाऊन बघायचं काय?" मला कावळ्यांचा असा काही संताप आला, की पोरांकडून एक गलोल मागून आणली. सुट्टीत चाळायला म्हणून घरी आणलेल्या कागदांत वन्यजीवांच्या कायद्याची माहिती होती. १९७२ च्या त्या कायद्यात कावळा उंदरांच्या आणि वटवाघळांच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून पाचव्या परिशिष्टात बसवलेला होता. त्याला मारायला कोणाची आडकाठी नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले, आणि ती दुरुस्ती लागू झाली १ एप्रिल २०२३ ला. म्हणजे मी तीन आठवडे उशिरा रागावलो होतो. तशीही माझी नेमबाजी शाळेपासून प्रसिद्ध आहे. गलोल मी परत केली. वही ट्रंकेत टाकली.

मेच्या मध्यावर आई एकदा दुपारी म्हणाली, "गोठ्याच्या अंगाला हायत ती."

"कोण?"

"तीच. मेंदीत."

गोठ्यामागे मेंदीचे दाट कुंपण आहे. बुलबुल जोडी एकदा फसली तरी त्याच हंगामात पुन्हा मांडामांड करते. पण ही तीच जोडी, हे आईने खाटेवर पडल्या पडल्या कशावरून ओळखले, देव जाणे. मी उठू लागलो तशी ती म्हणाली, "जाऊ नको. मला ऐकू येतंय तेवढं पुरं." मी गेलो नाही. पिले झाल्याचेही तिनेच सांगितले. चारा आणल्यावर होणारी चिर्रचिर्र मला प्रयत्न करूनही ऐकू येत नव्हती. दोन आहेत, असेही ती म्हणाली. मी वही काढली नाही.

मग एका सकाळी गोठ्याकडे एकच गिल्ला झाला. दोन बुलबुल, साळुंक्या, दयाळ, शिंपी, सगळी पाखरे मेंदीवर झेपावत ओरडत होती. इतक्या जातींची पाखरे एका जागी जमून ओरडू लागली की खाली साप असणार, हे गुराख्याच्या पोरालाही कळते. मी गेलो. चांगली सहा हात धामण कुंपणाच्या बुडाशी होती आणि तिचे डोके मेंदीत वर चढत होते. शेजारची तिघेचौघे काठ्या घेऊन आलेच. त्यांतला पुढचा माझाच विद्यार्थी. चौथीत मी त्याला शिकवले होते की, धामण बिनविषारी असते, ती उंदीर खाते, म्हशीचे पाय बांधून दूध पिते ही निव्वळ थाप. तिला मारणे गुन्हा आहे. त्याने उत्तरपत्रिकेत ते बरोबर लिहिलेही होते.

तो म्हणाला, "गुरुजी, पिलं खाईल ती. मारू का?"

आणि मी लगेच उत्तर दिले नाही. सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोळ्यांपुढे ती पितळी तांब्या आपटणारी आई होती आणि मला वाटत होते, एकदा तरी आपण वेळेवर आलो आहोत.

"मारू नगा रं तिला!"

आम्ही सगळ्यांनी मागे पाहिले. आई गोठ्याच्या दाराची चौकट धरून उभी होती. माजघरातून गोठ्यापर्यंत मधे एक पायरी आणि दोन उंबरे आहेत. ती ते कसे ओलांडून आली, हे कोणी पाहिले नाही. बायको चुलीपाशी होती. विद्यार्थ्याची काठी खाली आली. मी पत्र्याचा डबा बडवला, जमिनीवर पाय आपटले, आणि धामण कंटाळल्यासारखी उतरून कडब्याच्या गंजीत शिरली.

आईला धरून खाटेवर आणले. धाप ओसरल्यावर मी विचारले, "तुला त्या पिलांचा एवढा लळा, आणि धामण कशापायी वाचवलीस?"

"ती आपल्या पायानं पोटासाठी आली. त्याला आपण पान वाढून बोलावला हुता."

बायको पदराने तोंड पुसत आत निघून गेली. मी काही बोललो नाही.

पुढे तीन दिवस आईला चिर्रचिर्र ऐकू येत राहिली. चौथ्या दिवशी ती थांबली. पिले उडाली की धामण गंजीतून पुन्हा आली, हे आम्हाला ठाऊक नाही. आई म्हणते, उडाली. दिवसांचा हिशेब तसा जुळतो. मेंदीत वाकून पाहावे, असे मला दोन-तीनदा वाटले. पण तिला विचारल्याखेरीज जायचे नव्हते, आणि विचारण्याचा धीर झाला नाही.

त्या साली पाऊस लांबला. जून बराचसा कोरडा गेला. आई आता सकाळ-संध्याकाळ दारापर्यंत येऊन ओट्यावर बसे. एके दिवशी तिने मला हाक मारली आणि मी पहिल्याच हाकेला गेलो. शेजाऱ्यांच्या आंब्यावर कावळ्याची जोडी एका पिलाला भरवत होती. पिलू घरट्याबाहेर फांदीवर येऊन बसले होते. तोंड वासून पंख फडफडवत होते, आणि कावळे हेलपाटे घालून दमले होते. पिलू काळे, पण अंगावर बारीक ठिपके, शेपूट लांब. मी नीट पाहिले. ते कोकिळेचे होते.

आईला कोकिळेची लबाडी ठाऊक होती. ती ठाऊक नाही असा माणूस खेड्यात नाही. पण डोळ्यांनी तिने हे प्रथमच पाहिले. "म्हंजे आपली पिलं ह्या भवानीच्या पोटात गेली म्हण की," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. इतकी हसली की खुब्यात कळ आली. "आन हे दोघं राबत्यात बघ कसे!" पडल्यापासून ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती.

भाद्रपदात पितृपंधरवडा आला. बापूंच्या तिथीला बायकोने पान वाढून माझ्या हातात दिले आणि मी सवयीने न्हाणीच्या पत्र्याकडे वळलो. जास्वंद पावसाने माजली होती. ती वाकडी फांदी कोणती, हे आता शोधावे लागले असते.

आई ओट्यावर काठी टेकून बसली होती.

"तिकडं नगं," ती म्हणाली. "रस्त्याच्या अंगाला भिंतीवर ठेव. इकडं आले की इकडं-तिकडं बघत्यात."